गंगव्वा-आबाद

रंजिताला त्या गावाला नाव द्यायचंच नव्हतं. पण कॉम्प्युटर पुढं जाऊ देईना.

बेंगळुरात महादेवपुऱ्यातल्या एका काचेच्या इमारतीत तिचं नकाशे भरायचं काम होतं. उपग्रहानं वरून काढलेले फोटो यायचे. त्यावर बघून रस्ते आखायचे, विहिरी दाखवायच्या, घरांच्या चौकटी काढायच्या. त्या महिन्यात तिच्या वाट्याला इराणच्या पूर्वेकडचा डोंगराळ भाग आला होता. नुसती तांबूस माती, मधेच एखादी हिरवी रेघ, आणि त्या रेघेला चिकटून मूठभर घरं. निपाणीजवळच्या खेड्यात वाढलेल्या रंजिताला ती घरं बघत बसायला आवडायचं. कुणी धाब्यावर काहीतरी वाळत घातलंय, कुणाच्या दारात झाड आहे, एवढं कळायचं. माणसं मात्र दिसायची नाहीत.

बाकीच्या गावांची नावं आधीच भरलेली असायची. ह्या एका गावाची जागा मोकळी होती, आणि मोकळी जागा सोडून 'सेव्ह' दाबलं की लाल पट्टी झळकायची. नाव हवंच.

गाव उतारावर होतं. थोडी घरं वर, थोडी खाली, आणि मधोमध उंच भिंतींची एक मोठी चौकट. वरच्याला खाली जायचं असो की खालच्याला वर, वाट त्या चौकटीच्या दारावरूनच. रंजिता एकटीच हसली. चिकपेटला ती जिच्याकडं राहायची त्या गंगव्वा आत्याचं घर असंच होतं. खाली अस्तराच्या कापडाचं दुकान, वर राहायच्या खोल्या, आणि जिना दुकानातूनच. आत्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय वर जाता येत नसे आणि खालीही उतरता येत नसे. त्याच सकाळी आत्यानं गिऱ्हाइकांसमोर तिला जिन्यात अडवलं होतं. "गुडघ्यावर फाटलेली पँट घालून कुठं चाललीस? घरात कापडाचं दुकान आहे आपलं. लोक काय म्हणतील?"

इथंही नक्की कुणीतरी गंगव्वा आत्या बसलेली असणार, असं म्हणत रंजितानं त्या जागी टाईप केलं, गंगव्वा-आबाद. लाल पट्टी गेली. जेवणानंतर टीममधल्या सगळ्यांना दाखवायचं, हसायचं आणि मग बदलून टाकायचं, असं तिनं ठरवलं. पण जेवायला बिसीबेळे भात होता, त्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला, आणि ती विसरली.

गाव नकाशात गेलं.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी नागराज तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. नागराज तिचा टीम लीडर. त्याचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातच राहिलेलं, त्यामुळं घाबरला की तो कन्नडमध्ये घाबरायचा.

"अय्यो रंजिता, ही गंगव्वा कोण?"

"माझी आत्या. का हो सर?"

"तुझी आत्या?" नागराजनं कपाळाला हात लावला. "खाली रिसेप्शनला एक इराणी पोरगं बसलंय. म्हणतंय, आमच्या गावाचं नाव गंगव्वा-आबाद कुणी ठेवलं? आता खाली जा, सॉरी म्हण, आजच बदलतो म्हण. स्वल्प नीट बोल, आँ?"

खाली सोफ्यावर एक उंच, किडकिडीत मुलगा बसला होता. गुडघ्यावर बॅग, बॅगेवर दोन्ही हात. त्याचं नाव बेहनाम. तो इथल्या कॉलेजात फार्मसी शिकत होता आणि कोरमंगलाला पीजीत राहत होता. बेहनाम म्हणजे चांगल्या नावाचा, हे त्यानं आल्याआल्या सांगून टाकलं, कारण पीजीचा मालक त्याला 'बेनाम' म्हणायचा आणि ते त्याला फार लागत होतं. इंग्रजी तो सावकाश बोलायचा, प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा.

रंजिता सॉरी म्हणणारच होती. पण बेहनाम रागावलेला दिसत नव्हता. तो तिच्याकडं आदरानं बघत होता.

त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या गावात दोन वस्त्या. मधून झरा वाहतो. वरची वस्ती गावाला बालाचेश्मे म्हणते, म्हणजे वरचा झरा. खालची वस्ती म्हणते अनारस्तान, कारण डाळिंबाच्या बागा खाली आहेत. सरकारनं एका नावाची पाटी लावली की दुसऱ्या वस्तीची पोरं रात्रीत तिला रंग फासायची. त्याची आजी खालच्या वस्तीतली, दिली वरच्या वस्तीत. त्यामुळं त्यांच्या घरात गावाचं नाव घ्यायचीच बंदी होती. सगळे नुसतं 'आपल्याकडं' म्हणायचे. शेवटी दोन्हीकडचे म्हातारे भांडत तालुक्याला गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं फोन काढून नकाशा बघितला आणि म्हणाला, तुमच्या गावाला नाव आहे की. गंगव्वा-आबाद. मग भांडता कशाला?

"दोन्ही वस्त्यांना वाटतंय, दुसऱ्यांनी लबाडी केली," बेहनाम म्हणाला. "पण ह्या शब्दाचा अर्थ कुणालाच कळेना. मी बेंगळुरात आल्यावर एका दुकानाच्या पाटीवर गंगव्वा वाचलं आणि उडालोच. नकाशा भरणारं ऑफिसही इथंच आहे असं कळलं, म्हणून आलो. ती कोण होती? राणी?"

इथं रंजितानं सॉरी म्हणायला हवं होतं. नागराज दुरून काचेतून तशा खुणाही करत होता. पण इतक्या लांबून आलेल्या माणसाला 'आत्यानं पँटवरून झापलं म्हणून मी गंमत केली' असं कसं सांगायचं? तिच्या अंगात शिरलं काहीतरी.

"राणी नाही," ती गंभीर तोंड करून म्हणाली. "पण मोठी बाई आहे. तिला विचारल्याशिवाय तिच्या भागात कुणी कुणाशी भांडतसुद्धा नाही."

"आहे?" बेहनाम ताठ बसला. "म्हणजे जिवंत आहे?"

"चिकपेटला असते," रंजिताच्या तोंडून निघून गेलं.

"मला भेटायचंय. आजीनं हात जोडून सांगितलंय, जिचं नाव गावाला आहे ती कोण ते शोधून काढ."

जाता जाता रंजितानं त्याला फोनवर ती उंच भिंतींची चौकट दाखवून विचारलं, हे कुणाचं घर? बेहनामनं बघितलं. "हे घर नाही. इथं थंडीत मेंढ्या ठेवतात."

"बरं," रंजिता म्हणाली. "हे तिच्यापुढं बोलू नकोस."

रविवारी दुपारी मॅजेस्टिकला मेट्रो बदलून दोघं चिकपेटला उतरले. गल्लीत कापडाचे तागे डोक्यावर घेतलेले हमाल, स्कूटर आणि गिऱ्हाइकं एकमेकांना ढकलत होती. रंजितानं आत्याला आधी काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं, हेच तिला सुचलं नव्हतं. "ऑफिसचे एक पाहुणे येणार आहेत," एवढंच ती सकाळी पुटपुटली होती.

आत्यानं काउंटरमागून बेहनामला केसापासून बुटापर्यंत बघितलं. भाचीनं गोरापान, लाजरा मुलगा घरी आणलाय. आत्यानं मनात सगळं जुळवलं, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्याला वर नेऊन पोह्यांची बशी हातात दिली.

"आई-वडील काय करतात?"

रंजितानं इंग्रजीत विचारलं. बेहनाम खुशीत सांगू लागला, आणि बोलण्याच्या भरात त्याच्या तोंडी त्याचीच भाषा आली. त्यात 'जमीन' आलं, 'बाग' आलं, 'अनार' आलं, 'बाजार' आलं.

आत्याचा हात थांबला. "अगं, ह्याला मराठी येतंय की! काय उगंच इंग्रजी झाडालीस मधी? जमीन आहे, बाग आहे, माल बाजारला जातोय. सगळं कळालं मला." मग ती त्याच्याकडं वळली. "जमीन किती? पाण्याची सोय आहे का?"

"आत्या, तू समजतीयास तसं काही नाहीये."

"मी काय समजालोय ते मला माहीत आहे. तू पोहे खा."

बेहनामनं बशी खाली ठेवली, हात छातीवर ठेवला आणि इंग्रजीत म्हणाला, "त्यांना सांग, आमच्या गावाला त्यांचं नाव आहे आणि मला त्यांना भेटून फार आनंद झाला."

रंजिता म्हणाली, "आत्या, तो म्हणतोय पोहे फार छान झालेत."

पण बेहनामनं तोवर फोनवर नकाशा उघडून तो आत्यासमोर धरला होता. रोज बिलं करून आत्याला इंग्रजी अक्षरं पक्की लागायची. तिनं चष्मा नाकावर ढकलला आणि एकेक अक्षर लावत वाचलं. एकदा वाचलं. मग परत वाचलं.

"हे काय आहे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. रंजितानं सगळं सांगून टाकलं. मोकळी जागा, लाल पट्टी, फाटकी पँट, बिसीबेळे भात. फक्त मेंढ्यांचं तेवढं गाळलं. सांगून झाल्यावर ती हळूच दाराच्या बाजूला सरकली. आत्याच्या हाताला लागेल असं लाटणं तिथं नव्हतं, तरी सवय होती.

आत्यानं चष्मा पदरानं पुसला आणि फोन आणखी जवळ धरला.

"किती घरं आहेत?" तिनं विचारलं.

"थोडीच आहेत."

"थोडीच?" आत्याचा चेहरा पडला. "एवढा मोठा देश तो. माझं नाव द्यायचं तर जरा बरं गाव बघायचं होतंस. बाजारपेठेचं."

बेहनामला आजीला फोन लावायचा होता. आत्यानं त्याला थांबवलं, आत गेली आणि जांभळी इरकल नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून बाहेर आली. टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून तिनं पदर नीट केला. "आता लाव."

पडद्यावर एक सुरकुतलेला, हसरा चेहरा आला. बेहनामची आजी. दोघी बायकांनी एकमेकींकडं बघून मान हलवली. आजीनं तिच्या भाषेत काहीतरी विचारलं, आत्यानं तिच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं, आणि दोघींचं अगदी समाधान झालेलं दिसलं. पण आजीच्या मागं हळूहळू माणसं जमू लागली. एका बाजूनं पांढऱ्या दाढीचे हाजी रहमान आले, वरच्या वस्तीचे पुढारी. दुसऱ्या बाजूनं उस्ताद करीम, खालच्या वस्तीचे. दोघं एकमेकांकडं न बघता फोनपुढं बसले. मग एकानं काहीतरी म्हटलं, दुसऱ्यानं गुडघ्यावर थाप मारली, आणि पडद्यावर नुसते हात आणि टोप्या दिसायला लागल्या.

"काय चाललंय?" आत्यानं विचारलं. रंजिता मधे दोघांचं बोलणं एकमेकांना सांगू लागली.

"नावाचं भांडण," बेहनाम मान खाली घालून म्हणाला. "हाजी म्हणतात बालाचेश्मे. उस्ताद म्हणतात अनारस्तान. तुमचं नाव कुणी दिलं ते दोघांनाही कळेना, म्हणून एकमेकांना चोर म्हणताहेत."

"चष्मे? चष्म्याचं गाव?" आत्यानं नाकावरचा चष्मा काढून बघितला.

"चेश्मे म्हणजे झरा," बेहनाम म्हणाला.

"बरं, बरं. किती वर्षं झाली ह्या भांडणाला?"

"माझ्या आजोबांच्या लहानपणापासून चाललंय."

आत्यानं चष्मा परत लावला. खुर्चीत मागं टेकली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. दुकानात सुरतेचा व्यापारी भाव सांगायला लागला की तिचा चेहरा असा व्हायचा. तिला चांगली ओळखत असल्यामुळं रंजिता आणखी दाराकडं सरकली.

"त्यांना सांग," आत्या म्हणाली, "गाव आता माझ्या नावावर आहे. माझ्या नावावर आहे म्हणजे माझं आहे. उद्यापासून वरच्या वस्तीनं खालची गल्ली झाडायची आणि खालच्यांनी वरची. झऱ्याचं पाणी कुणी किती घ्यायचं ते मी इथून ठरवणार. आणि दोन्ही म्हाताऱ्यांनी रोज सकाळी फोन करून मला नमस्कार घालायचा."

रंजितानं घसा साफ केला आणि बेहनामला इंग्रजीत म्हणाली, "त्या म्हणतात, सगळ्यांना नमस्कार."

"रंजिता!" आत्याचा आवाज चढला. "मी एवढं बोललो आणि तू एवढंसंच सांगितलीस? मला काय कळत नाही होय? सगळं सांग. नमस्कारापाशी थांबू नकोस."

रंजितानं सगळं सांगितलं. बेहनामनं फोनवर हात ठेवला. "मी हे हाजींना सांगू शकत नाही."

"सांग म्हणावं त्याला," आत्या म्हणाली. "नाहीतर मीच सांगतो." आणि ती फोनपुढं वाकून मोठ्यानं म्हणाली, "जमीन माझी! बाग माझी! बाजार माझा!"

तेवढं तिकडं बरोबर पोहोचलं. हाजी आणि उस्ताद दोघांनी भांडण सोडून फोनकडं मान वळवली. बेहनामनं बाकीचंही सांगितलं. हाजी रहमान उठून उभे राहिले. उस्ताद करीमही उठले. हाजींनी बोट रोखून काहीतरी गरजलं, आणि उस्तादांनी 'बरोबर, बरोबर' म्हणावं तशी जोरजोरात मान हलवली. मग उस्ताद गरजले आणि हाजींनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. मागं उभी असलेली पोरं तोंड उघडं टाकून बघत होती. आजी मात्र ओढणीआड हसत होती. मग कुणीतरी फोन बंद केला.

"काय म्हणाले ते?" रंजितानं विचारलं.

"म्हणाले, ही कोण लागून गेली आमच्या गावावर हुकूम चालवणारी," बेहनाम म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मी आता गावात तोंड कसं दाखवू? तुम्ही असं का केलंत?"

आत्यानं त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले. "भांडू दे माझ्याशी. माझं काय जातंय? मी इथं, ते तिथं. खा रे, गार व्हालेत."

बेहनाम जाताना नीट निरोपही न घेता गेला. रंजिता दुसऱ्या दिवशी ऑफिसात दबकतच शिरली. नागराजनं नाव काढून टाकायचा मेल लिहून तयार ठेवला होता, पण गावाला दुसरं कुठलं नाव द्यायचं ते त्यालाही कळत नव्हतं, आणि मोकळी जागा कॉम्प्युटर घेत नव्हता. मेल तसाच पडून राहिला. दोन-तीन वेळा तिनं बेहनामला फोन केला. त्यानं उचलला नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी तोच आला. ह्या वेळी सरळ चिकपेटला, दुकानात. रंजिता काउंटरवर बसली होती आणि आत्या एका गिऱ्हाइकाशी अस्तराच्या रंगावरून हुज्जत घालत होती. बेहनाम धापा टाकत होता. गिऱ्हाइकाला बाजूला सारून तो बोलू लागला.

आत्याचा फोन बंद झाल्यावर हाजी आणि उस्ताद दोघं मिळून झऱ्यावर जाऊन बसले होते. आत्याच्या नावानं आधी पोटभर बोटं मोडली. मग चहा आला. एवढ्या वर्षांत त्या दोघांनी एकत्र चहा प्यायलेला कुणी बघितला नव्हता. त्या परक्या बाईचं नाव घालवायचं असेल तर आपलं एक नाव ठरवलं पाहिजे, हे दोघांनाही पटलं. वरच्यांचा झरा घेतला, खालच्यांचं डाळिंब घेतलं, आणि गावाचं नाव ठरलं चेश्मे-अनार. तालुक्याच्या अर्जावर दोघांनी एकाच पेनानं सह्या केल्या.

"आणि आजी?" रंजितानं विचारलं.

"आजी आता दिवसभर गावाचं नाव घेत असते," बेहनाम म्हणाला. "भांडी घासतानासुद्धा. आजोबा कंटाळलेत."

सोमवारी रंजितानं नकाशातलं नाव बदललं. नागराज मागं उभा राहून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होता आणि प्रत्येकाला 'सरी, सरी', म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत होता. संध्याकाळी तिनं आत्याला बदललेला नकाशा दाखवला. आत्यानं बघितलं आणि फोन परत दिला.

"नाव चांगलं आहे," ती म्हणाली. पण त्या रात्री तिनं आमटीत मीठ घातलं नाही, आणि पुढचे बरेच दिवस शेजारच्या दुकानातल्या भाग्यलक्ष्मीअक्कांना, दागिन्यांच्या दुकानदाराला, कुरिअरवाल्याला, ज्याला त्याला सांगत होती, "इराणात एक गाव होतं माझ्या नावावर. मीच दिलं सोडून. एवढ्या लांब कोण जाणार सांभाळायला?"

बेहनाम आता रविवारी जेवायला यायला लागला, थोडं मराठीही शिकला. आत्यानं त्याच्याबद्दलचा पहिला बेत अजून सोडलेला नव्हता, पण रंजिता तिकडं लक्ष देत नव्हती आणि बेहनामला तो कळलेलाच नव्हता. अशाच एका रविवारी तो थालीपीठ खात असताना त्याचा फोन वाजला. तो बोलला, आणि तोंडातला घास तसाच ठेवून आत्याकडं बघू लागला.

"हाजी रहमान आहेत," तो म्हणाला. "चोरून बोलताहेत, मेंढ्यांच्या आवारात उभं राहून. नावाची पाटी आलीय. ती वरच्या वस्तीच्या तोंडाशी लावावी असं त्यांचं म्हणणं आहे. विचारतात, गंगव्वा खानमचं, म्हणजे बाईसाहेबांचं, काय मत आहे? त्यांना फार कळतं, म्हणतात."

आत्यानं वाटीतलं लोणी त्याच्या थालीपिठावर घातलं. "सांग, वरच शोभेल."

बेहनामनं सांगितलं. त्यानं फोन ठेवला न ठेवला तोच परत वाजला. ह्या वेळी उस्ताद करीम होते आणि तेही कुजबुजत होते. पाटी खालच्या वस्तीत, डाळिंबाच्या बागेपाशी लावायला पाहिजे असं त्यांना वाटत होतं. खानमनी आपली बाजू घेतली तर बरं होईल, म्हणत होते.

"सांग, खालीच शोभेल," आत्या म्हणाली.

"पण तुम्ही आत्ताच हाजींना..." बेहनाम रंजिताकडं बघायला लागला. रंजितानं ताक आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघर गाठलं आणि तिथं ओट्याला धरून हसत उभी राहिली. बाहेरून तिला आत्याचा आवाज ऐकू येत होता.

"दोन पाट्या होतील, एवढंच ना? होऊ दे. नाव तर एकच लिहिलेलं असणार. तू आधी उस्तादांना हो म्हणून सांग, मग ताक घे."